अर्धी चोच

एका जंगलात एक कावळा राहत असे. फोटोतले आपल्याला जेवढे कळते तेवढे इथे कुणालाच कळत नाही, असे त्याचे ठाम मत होते. आणि मुलांनो, ते फारसे खोटेही नव्हते. कुणा प्रवाशाने विसरलेला कॅमेरा त्याला सापडला होता. बटण दाबले की फोटो लगेच बाहेर पडे, तोही एकच. उजेड कुठून घ्यावा, फांदी सरळ कशी दिसावी, हे सारे कावळा आपले आपणच शिकला होता. त्याचे फोटो बाभळीच्या काट्यांना टोचून ठेवलेले असत. येणारे-जाणारे प्राणी म्हणत, "वा, किती सुबक!" आणि पुढे जात.

पुढे खारही कॅमेरा मागून नेऊ लागली. तिला नियमबियम काही ठाऊक नव्हते. एक फोटो वाकडा, तर दुसऱ्यात सशाचे कानच गायब! पण तिच्या फोटोंपुढे प्राणी थांबत. कासव तर तिथून हलायचे नावच घेत नसे. ते पाहून कावळ्याचा जळफळाट होई. "माझ्या सरळ फोटोंना नुसतं 'वा', आणि हिच्या वाकड्या फोटोंपुढे मुक्काम!" त्याला अन्न गोड लागेना.

एके दिवशी खार एक फोटो पंजात जपून घेऊन आली. त्यात एका पिल्लाची लालभडक उघडी चोच होती आणि कडेला त्याला घास भरवणारी दुसरी काळी चोच, तीही अर्धीच. पाहताच कावळ्याला क्षणभर भरून आले. फोटो आपल्याला आवडला, हे त्याला कळले. तो खारीने काढलाय, हेही त्याच क्षणी आठवले, आणि मग त्याच्या पोटात असे काही दुखू लागले की विचारू नका.

"कावळेदादा, हा फोटो मी..." खार सांगू लागली.

"गप्प बस! काढणाऱ्यानं बोलायचं नसतं, फोटोनं बोलायचं असतं," कावळा खेकसला. "उजेड कमी. पिल्लू धूसर. आणि ही चोच तर अर्धी कापलीस! कुणाची आहे, काही कळायला मार्ग नाही."

"मला आवडला बुवा," कासव म्हणाले.

"तुझी आवड विचारतंय कोण? मी नियमानं बोलतोय. खारूताई, हा फोटो नाही, कचरा आहे. ओढ्यात टाकून दे!"

आता, उजेड कमी होता हे खरे. चोच कापली गेली होती, हेही खरे. पण 'कचरा' हा शब्द कुठल्या नियमातून आला नव्हता, तो कावळ्याच्या जळजळीतून आला होता. खारीला ते कसे कळावे? ती त्याला गुरू मानत होती. तिने डोळे पुसले आणि फोटो ओढ्यात सोडला. पाण्याने तो पाहता पाहता दूर नेला. कावळ्याला फार दिवसांनी बरे वाटले.

संध्याकाळी कावळीण लगबगीने आली. "खारूताई, फोटो आणून देतेस ना आज? दे बाई, त्या दिवशी ओझरता पाहिला, तेव्हापासून वाट पाहतेय."

खारीने मान खाली घातली. "वहिनी, तो मी ओढ्यात टाकला. दादांना दाखवला होता. ज्यांचं पिल्लू त्यांनाच ओळखू येईना, म्हणजे फोटो टाकाऊच असणार, असं वाटलं मला."

कावळीण शेजारी बसलेल्या कावळ्याकडे वळली. "अहो, आपलं शेंडेफळ होतं ते! घारीनं नेलं, त्याच्या आदल्या दिवशीचं. तुम्हीच त्याला भरवत होतात. ती अर्धी चोच तुमची होती."

अंधार पडेपर्यंत कावळा ओढ्याच्या काठाने उडत राहिला, प्रत्येक दगडाआड पाहत राहिला. कितीही धूसर, कितीही वाकडा असला तरी त्याला तो फोटो हवा होता. पण तो काही मिळाला नाही.

तात्पर्य : दुसऱ्याच्या कामातले दोष जरूर दाखवावेत; पण मनातल्या मत्सराला नियमाचे नाव दिले, की डोळ्यांसमोरचे आपले माणूसही ओळखू येत नाही.