फलाटावरची शिट्टी

“मग बदली करू की नको, एवढंच सांगा.”

विचारणारे होते पराग वैरागडे. वय कोवळं, हुद्दा जड: नगरपालिकेचे मुख्याधिकारी. सांगायचं होतं हिराबाई टेकाळे यांनी. त्या त्याच गावच्या एसटी आगाराच्या व्यवस्थापक.

सरकारने तेव्हा एक योजना काढली होती. एका खात्यातल्या मुरलेल्या माणसाने दुसऱ्या खात्यातल्या नव्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या. योजनेचं नाव फार लांबलचक होतं, म्हणून हिराबाई तिला नुसतं ‘चहा’ म्हणत.

वैरागडेंना हा चहा पहिल्यापासून कडू लागत होता. नळाचं दुखणं एसटीवाल्यांना काय कळणार?

“कुणाची बदली?” हिराबाईंनी विचारलं.

“ढोबळेंची. आमचे पाणीपुरवठ्याचे अभियंते. शुक्रवारी नवी टाकी सुरू होतेय. पालकमंत्री येणार, सगळ्या वॉर्डांत एकदम पाणी सोडायचं ठरलंय. आणि हे भर बैठकीत म्हणतात, ‘साहेब, थांबा. जुन्या पाइपांना एवढा दाब सोसायचा नाही, एकेक वॉर्ड घेऊ.’ सगळ्यांसमोर!”

“बाकीचे काय म्हणतात?”

“बाकीचे सगळे हो म्हणतात.”

“सगळे?”

“सगळे.”

“अरेरे,” हिराबाई म्हणाल्या आणि बशीतला चहा संपवला.

...

“मॅडम, राग मानू नका. पण गाड्या सोडणं वेगळं आणि गाव चालवणं वेगळं.”

“अगदी वेगळं,” त्या खुशीत म्हणाल्या. “आमच्या गाडीला मागेही जावं लागतं.”

त्यांनी खण उघडून एक शिट्टी काढली. दोरी विटलेली, पण शिट्टी लखलखीत. त्या वाहक होत्या तेव्हाची. तिला त्या कुणाला हात लावू देत नसत.

“चला, साहेब.”

फलाटाला नाक लावून एक गाडी भरून उभी होती. निघायचं तर आधी मागे घ्यायला हवी. चालकाच्या जागेवर कादरभाई, मिशीतल्या मिशीत बोलणारे. हिराबाईंनी त्यांना हात केला आणि शिट्टी वैरागडेंच्या तळहातावर ठेवली.

“मी?”

“तुम्हीच. बारीक बारीक वाजवल्या की ‘येऊ दे’. एक लांब वाजवली की ‘थांब’.”

गाडीची वाहकबाई हसू दाबत त्यांच्या शेजारी उभी राहिली.

कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडात शिट्टी. पहिल्या फुंकरीला नुसती हवा गेली. खिडक्यांतून लोक फिदीफिदी हसले. दुसरीला मात्र आवाज निघाला आणि ते अवाढव्य धूड हलून मागे यायला लागलं...

फुर्र. फुर्र. फुर्र.

वैरागडेंचे डोळे चमकायला लागले. जत्रेत पिपाणी मिळालेल्या पोरासारखे ते गाल फुगवून वाजवत होते.

इतक्यात पलीकडची गाडी पकडायला एक आजीबाई पिशवी सांभाळत थेट मागच्या चाकांकडे निघाल्या.

फुर्रर्रर्रर्र!

गाडी जागच्या जागी थांबली. आजीबाई इकडेतिकडे न बघता निघून गेल्या. वैरागडेंनी घाम पुसला, पुन्हा बारीक शिट्ट्या दिल्या आणि गाडी सुखरूप मागे आली. खिडक्यांतून टाळ्या पडल्या.

ते धावतच चालकाच्या खिडकीशी गेले.

“कादरभाई, तुम्ही थांबलात!”

“शिट्टी वाजली ना.”

“अहो, पण मी कोण? तुमची हयात या चाकामागे गेली. मला धड शिट्टीही वाजवता येत नाही.”

“मला मागचं कुठं दिसतंय, साहेब? तुमाला दिसत व्हतं.”

वाहकबाई चढली, घंटी दोनदा वाजली आणि गाडी निघून गेली.

वैरागडे धुरळ्यात उभे राहून मोठ्यांदा हसले. कितीतरी दिवसांत ते असे हसले नव्हते. हिराबाईही हसल्या.

मग वैरागडेंचं हसू हळूहळू ओसरलं...

“मॅडम, आज दुपारी शुक्रवारची शेवटची बैठक आहे. ढोबळेंना मी बोलावलेलंच नाही.”



वैरागडेंनी घड्याळात पाहिलं. ढोबळेंना बोलवायला अजून वेळ होता. त्यांनी रुमालाने शिट्टी स्वच्छ पुसली आणि दोन्ही हातांनी परत पुढे केली.

हिराबाईंनी त्यांची मूठ शिट्टीवर मिटवली.

“घेऊन जा. पण स्वतः वाजवू नका.”