वाटीभर गढूळ पाणी

मुलांनो, एखाद्याने गुन्हा केला आणि त्याची शिक्षाही पुरी भोगली, तर तो गुन्हा त्याला आणखी किती वर्षं ऐकवायचा?

डोंगराखालच्या एका छोट्या राज्यात सटवा नावाचा पाथरवट होता. तरुणपणी, दुष्काळाच्या वर्षी, त्याने सरकारी कोठार फोडून धान्य चोरले. झटापटीत पहारेकऱ्याचा हात मोडला. राजाने त्याला सात वर्षांची शिक्षा दिली. तेव्हा राज्यात मोठा तलाव बांधणे चालू होते. पायात बेडी घालून सटवाने सात वर्षं त्या तलावाच्या बांधावर दगड आणि माती वाहिली.

सुटल्यावर त्याने कुणाच्या काडीलाही हात लावला नाही. गाव उंचावर होते. सटवाने बांधाच्या पायथ्याशी झोपडी घातली आणि बायको येसूबरोबर तो तिथेच राहू लागला. पाटे-वरवंटे घडवून दोघे पोट भरत. बांधाचा म्हातारा राखणदार गोंदाजी त्याचा सोबती झाला. गोंदाजी रोज सकाळी बांधातून पाझरणारे पाणी पांढऱ्या वाटीत धरी. तो सटवाला सांगे, "पाझर स्वच्छ असेल तर भिऊ नकोस. गढूळ झाला की समज, बांध आतून माती सोडतोय."

पंधरा वर्षांनी गोंदाजी वारला. आपली जागा सटवाला द्यावी, असा निरोप त्याने मरताना दिवाणाला पाठवला. वाटी तर त्याने सटवाच्या हातातच ठेवली.

पण शिक्षा झालेल्याला सरकारी चाकरी द्यायची नाही, असा राज्याचा नियम होता. पूर्वी एका सुटून आलेल्या कैद्याने खजिन्यावर हात मारला होता, म्हणून तो केलेला. दिवाणाने सटवाला दरबारात बोलावले, जुनी वही उघडली, त्याचे नाव पाहिले आणि वही मिटली. कुणीतरी म्हणाले, "कोठार फोडणारा आता तलाव राखायला निघाला." सगळे हसले. सटवाही मान खाली घालून थोडा हसला.

जागा केरोबाला मिळाली. तो सरळ माणूस होता, त्याच्या नावावर डाग नव्हता. तलावात पाणी किती चढले, ते तो रोज काठीने मोजी. पाझराचे त्याला कुणी सांगितले नव्हते. सटवा सांगायला गेला, तर तो घाबरून म्हणाला, "बाबा, तू इथे येत जाऊ नकोस. माझी चाकरी जाईल."

श्रावणात एका सकाळी सटवाच्या वाटीत लाल, गढूळ पाणी आले. त्याने येसूला वर गावात जायला सांगितले.

"अहो, तुम्ही राजाला सांगून या," ती म्हणाली. "मग दोघं मिळून सामान नेऊ."

सटवा वाटी घेऊन दरबारात धावला.

"ही कुणी भरली?" दिवाणाने विचारले.

"मी."

"तू सरकारी चाकर आहेस?"

"नाही दिवाणजी. पण पाणी सरकारी आहे. आणि त्याच्याखाली माझी बायको बसली आहे."

राजाने केरोबाला बोलावले. तलावातले पाणी धोक्याच्या खुणेच्या दोन हात खाली आहे, असे त्याने सांगितले. ते खरेच होते. मग हा शिक्षा झालेला माणूस चाकरी नसताना बांधावर काय करत होता, असा संशय दिवाणाला आला. उद्या बांध पाहू, तोवर याला कोठडीत ठेवा, असे ठरले. येसूला तरी वर आणा, म्हणून सटवाने सगळ्यांचे पाय धरले. कुणाला घाई वाटली नाही.

दुपारी बांध फुटला. आवाज कोठडीपर्यंत आला. संध्याकाळी पाणी ओसरले, तेव्हा बांधाखाली झोपडी नव्हती आणि येसूही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा स्वतः कोठडीपाशी आला आणि त्याने राखणदाराचा पितळी बिल्ला सटवापुढे धरला. सटवाने तो घेतला नाही. बाहेर भिंतीला टेकवलेली एक पाटी त्याने उचलली आणि तो फुटलेल्या बांधावर माती वाहायला गेला.

तात्पर्य: चाकरी देताना माणसाचा जुना गुन्हा जरूर पाहावा, पण शिक्षा भोगल्यानंतर तो कसा जगला, हे त्याहून नीट पाहावे. जो एवढे पाहत नाही, त्याला खरे सांगणाराही चोरच दिसतो.