सारसाचा पुरावा

मुलांनो, एका वनाच्या वेशीवर एक मुंगूस पहारा करीत असे. येणाऱ्या प्रत्येकाला हुंगायचे आणि शंका काढायची, हे त्याचे काम. काम नसतानाही तो ते करी. त्या वनाला आपल्या समतेच्या नियमाचा फार अभिमान होता : ‘या वनात जन्मलेल्याने कोणाशीही जोडी जमवावी, त्याला कोणी छळू नये.’

एके सकाळी एक नर सारस धापा टाकीत वेशीवर उतरला. “साहेब, पलीकडच्या वनातून आलोय. माझी जोडी एका नराशी होती. थव्यानं त्याला टोचून मारलं. मला आसरा द्या.”

मुंगसाने नाक फेंदारले. “आमच्या तळ्यातले मासे दिसले, की सगळ्यांना अशाच गोष्टी सुचतात! साक्षीदार आहे कोणी?”

“जे लपवलं म्हणून जगलो, त्याला साक्षीदार कुठून आणू?”

“मग नाचून दाखव. सारस जोडीदारासाठी नाचतात म्हणे.”

“ज्याच्यासाठी नाचायचो, तो गेला,” सारस म्हणाला आणि पंख मिटून उभा राहिला.

मुंगसाला हे दुःख फारच सोयीचे वाटले. शिवाय नियम इथे जन्मलेल्यांसाठी. हा तर बाहेरचा. बाहेरच्यांसाठी वेगळी पद्धत होती : एका वनातून आलेल्यांना एकाच बेटावर ठेवायचे. पलीकडे वणवा लागल्यावर सारसाचा सगळा थवा तिथेच उतरला होता.

“जा बेटावर. तुझीच मंडळी आहेत, करमेल तुला.”

“अहो, त्यांच्यापासूनच तर पळालो!”

“म्हणजे घरच्यांशीही पटत नाही,” मुंगूस पुटपुटला. त्याची शंका आणखी वाढली. त्याने सारसाला बेटावर धाडले.

दुसऱ्या दिवशी सारस पाण्यातून चालत परत आला. त्याचा एक पंख फाटून लोंबत होता. मुंगसाने जखम नीट हुंगली. “हं, आता पटलं. हे कालच दाखवायचंस की!”

वनाचे नियम ठरवणारी म्हातारी हत्तीण जवळच पाणी पीत होती. ती म्हणाली, “काल त्याचा पंख धड होता, बाबा.”

हत्तिणीने नियमातले ‘जन्मलेल्याने’ काढून ‘पाऊल ठेवलेल्याने’ घातले आणि सारसाला बेटावर परत न धाडता आपल्याजवळ ठेवले. पंख मात्र कोणत्याही नियमाने जुळला नाही.

तात्पर्य : आसऱ्याला आलेल्याला समतेच्या नियमात आधीच जागा द्यावी, त्याच्या जखमेची वाट पाहू नये.