धुरपाआई आणि नववा कंद

गारमाथ्याला अजून गाडीवाट नव्हती आणि मीठ-गूळ बैलांच्या पाठीवरून घाट चढून यायचा, त्या काळची ही गोष्ट. म्हणजे फार वर्षांपूर्वीची. नेमकी किती, ते विचारू नका. गावात ज्याला विचाराल तो आपल्या आजीच्या आजीपर्यंत जातो आणि तिथेच थांबतो.

गारमाथा घाटाच्या उगवतीच्या अंगाला, चांगला उंचावर आहे. पाऊस तिथे बेताचा. थंडी मात्र बेताची नाही. मार्गशीर्ष लागला की पहाटेचं दव गवतावरच गोठतं आणि अंगणातल्या घंगाळात पाण्यावर पापुद्रा धरतो. गावात याला हिव पडणं म्हणतात. एकदा हिव पडलं की वालाचे वेल जातात, मिरची जाते, आणि म्हातारी माणसं शेकोटीपासून हलायचं नाव घेत नाहीत.

या गावात धुरपदा नावाची सुईण होती. लहानथोर तिला धुरपाआई म्हणत, कारण निम्मं गाव तिच्याच हातावर जन्मलेलं होतं. अंगाने ठेंगणी, आवाज मात्र खणखणीत. पोटावर तळवा ठेवून ती बाळंतपणाचा वार सांगायची, आणि दुसऱ्या वारी यायची पोराची छाती होत नसे, असं म्हणतात. पाटलाची सून अडली तेव्हा तिने खुद्द पाटलाला चुलीपुढे बसवून पाणी तापवायला लावलं. तो कुरकुरला, तेव्हा तो स्वतः जन्मताना कसा आडवा आला होता आणि त्याने आईला किती छळलं होतं, हे तिने चारचौघांत सांगायला सुरुवात केली. पाटील मुकाट्याने चूल फुंकू लागला.

पलीकडच्या टेकडीवर एका साहेबाचा बंगला होता. एका वैशाखात त्याची मडम अडली. डॉक्टर तीन दिवसांच्या वाटेवर, म्हणून माणसं धावत गारमाथ्यावर आली. धुरपाआईने मडमेला सोडवलं, मूल रडवलं, आणि साहेबाला बायकांच्या खोलीतून बाहेर काढलं. मडमेने काय हवं ते माग म्हटल्यावर तिने लुगडं मागितलं नाही की चांदी मागितली नाही. दर भादव्यात बंगल्याच्या कुंपणावरून जे थोरलं लाल फूल डोकावतं, ते मागितलं. ते फूल म्हणजे डेलिया. मडमेने तिला रताळ्यांसारखा दिसणारा कंदांचा एक झुबका दिला. धुरपाआईने तो घरी नेऊन कोनाड्यात ठेवला आणि कामाच्या रगाड्यात विसरून गेली. महिन्याभरात साहेबाची बदली झाली, बंगल्याला कुलूप लागलं, आणि त्या फुलाबद्दल काही विचारावं असं माणूस टेकडीवर उरलं नाही. एवढंच सगळ्यांना माहीत होतं, की बंगल्यावरचा माळी दर थंडीत काळी पडलेली झाडं मुळासकट उपटून जाळायचा आणि पुढच्या वर्षी नवे कंद बोटीतून यायचे.

त्याच ज्येष्ठात शेलारांची धाकटी सून सगुणा बाळंत झाली. पहिलंच मूल. धुरपाआईने होतं नव्हतं ते सगळं केलं, पण मूल रडलंच नाही. इतक्या वर्षांत तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. तिने ते इवलंसं अंग स्वतः धुतलं, फडक्यात गुंडाळलं, आणि त्या दिवशी तिचा आवाज कुणी ऐकला नाही.

सगुणा भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच. कुणी भरवलं तर घास गिळायची, नाही भरवलं तर तशीच राहायची. सासूचे नवस बोलून झाले, नवऱ्याच्या मिनतवाऱ्या करून झाल्या. ही पोर हळूहळू चालली आहे, हे धुरपाआईला दिसत होतं. मरणारं माणूस ओळखायला तिला कुणी शिकवायला नको होतं. मग तिला कोनाड्यातला तो झुबका आठवला. तिने तो शेलारांच्या परड्यात, सगुणाच्या दारातून दिसेल अशा जागी, पाणी साचणार नाही अशा उतारावर लावला. का लावला ते तिलाही सांगता आलं नसतं. हात रिकामे ठेवायची तिला सवय नव्हती, एवढंच.

झाड वाढलं. भादव्यात त्याला पहिलं फूल आलं, गडद लाल, ओंजळीत न मावणारं. त्याच्या भाराने फांदी वाकली. तेव्हा सगुणा आपणहून उठली, बाहेर आली, आणि तिने त्या फांदीला काठीचा आधार बांधला. सासू दारात उभी राहून बघत होती. तिने लगेच चुलीवर भाकरी टाकली, आणि त्या दिवशी सगुणाने ती स्वतःच्या हाताने खाल्ली. आश्विन गेला, कार्तिक गेला. रोज सकाळी ती फुलं मोजायची आणि नवऱ्याला सांगायची. घर पुन्हा घरासारखं वाटू लागलं.

आणि मार्गशीर्षात हिव पडलं.

सकाळी झाड काळंठिक्कर. पानं उकडल्यासारखी लोंबत होती. सगुणाने दारातून एकदा पाहिलं, आत गेली, आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजली. शेजारीपाजारी जमले, चुकचुकले. बंगल्यावर काय करत हे ठाऊक असल्यामुळे सासू झाड उपटून शेकोटीत टाकायला निघाली. तेवढ्यात धुरपाआई पोचली. तिने सासूचा हात धरला, बुंध्याशी बसली, आणि सवयीने मातीवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मातीच्या पोटातलं तिला कळलं, असं म्हणतात. मला विचाराल तर तिने हाताने माती उकरून पाहिलं, आणि उकरून पाहणाऱ्याला दिसतंच. खाली कंद होते. टणटणीत, भरलेले, नऊ.

तिने ते अलगद काढले, घरात नेले आणि सगुणाच्या ओटीत एकेक मोजून ठेवले.

"सगुणा, तुजं लेकरू गेलं ते गेलं. त्यावर मी कायबी बोलणार न्हाई," ती म्हणाली. "पर ह्ये झाड गेल्यालं न्हाई. निजलंय. वैशाखात उठंल."

सासू बोलली, शेजारणी बोलल्या. हिवाने मेलेलं झाड उठल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. तेव्हा धुरपाआईने अंगणात उभं राहून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं, की झाड नाही उठलं तर यापुढे ती कुणाच्या बाळंतपणाला हात लावणार नाही. तीन सुनांना तेव्हा दिवस गेलेले होते.

आता ऐका, शहाण्या बाईची चूक कशी असते ती. धुरपाआईला सांभाळायचं म्हणजे एकच ठाऊक होतं. भर थंडीत मातीच्या पोटातून नुकतं बाहेर आलेलं काहीतरी तिच्या हातात होतं. तिने कंद आपल्या घरी नेले आणि त्यांची बाळंतिणीसारखी बडदास्त ठेवली. अंधारी खोली बंद केली. बाज टाकली, तिच्याखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली. कंदांना कढत पाण्याने न्हाऊ घातलं, तेल चोळलं, जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळलं. ओवा आणि बाळंतशेपा टाकून सकाळ-संध्याकाळ धुरी दिली. कुणी दार उघडं ठेवलं तर त्याची खैर नसे. सव्वा महिना हे चाललं. गावातल्या बायका हसायच्या, पण तोंडाला पदर लावून हसायच्या.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सव्वा महिना भरला. तिने लुगडं सोडलं. पाच कंद सुकून खारकेसारखे झाले होते. तीन कंदांवर बुरशी चढली होती, बोट लावलं की आत जात होतं.

धुरपाआई तिथेच जमिनीवर बसली. मूल गेलं तेव्हा निदान तिच्या हातात काही नव्हतं. हे तर तिने स्वतःच्या हाताने केलं होतं. दुसरी कुणी असती तर ते सगळं उकिरड्यात टाकून मोकळी झाली असती. ती लुगड्यासकट उठली, शेलारांच्या घरी गेली, आणि ते सगुणाच्या उशाशी उघडून ठेवलं.

"म्या चुकले," ती म्हणाली. "बाळंतीण समजले आन् शेकून मारलं. तुज्यापास्नं लपवायचं न्हवतं, म्हून आले."

एवढं बोलून ती जायला उठली. सगुणाने मान वळवली. महिन्याभरात पहिल्यांदाच. तिने लुगड्यातल्या कंदांवरून नजर फिरवली, मग पुन्हा फिरवली.

"धुरपाआय," ती म्हणाली, "नऊ व्हते."

आठच होते. धुरपाआईने लुगडं झटकलं, आपल्या घरी जाऊन बाज उलटी केली, कोनाडे चाचपले. सगुणा भिंतीला धरत धरत तिच्या मागोमाग आली होती. ती माजघरात थांबलीच नाही. मागच्या दाराने बाहेर गेली, जिथे वळचणीखाली धुरपाआई रोज शेगडीतली गार राख ओतायची. महिन्याभराच्या राखेचा तिथे ढीग झाला होता. वरून हिवाने पांढरा, आतून कोरडा. सगुणा गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले.

नववा कंद तिथे होता. बाजेवरून कधीतरी शेगडीशेजारी घरंगळला असणार, आणि राखेबरोबर बाहेर गेला असणार. त्याला कुणी न्हाऊ घातलं नव्हतं, शेक दिला नव्हता, साधी विचारपूस केली नव्हती. तो जसा निघाला होता तसाच होता. टणक, थंड, आणि मानेपाशी जुन्या बुंध्याची एक चकती धरून ठेवलेला. सगुणाने तो राखेच्या हातांनी छातीशी धरला आणि ती रडली. मूल गेल्यापासून ती रडलीच नव्हती. धुरपाआईने तिला रडू दिलं. तीही रडली.

त्या दिवशी धुरपाआईला कळलं ते गारमाथा अजून विसरलेला नाही. निजलेल्याला ऊब लागत नाही. त्याला गारवा लागतो, कोरडं अंथरूण लागतं, आणि त्याला उठवायला कुणी घाई करायची नसते.

शेलारांच्या अंगणात धान्याचं जुनं पेव होतं, जमिनीत माणूसभर खोल खणलेलं. ते त्या वर्षी रिकामं होतं. तिथे हिव पोचत नव्हतं आणि शेकोटीची धगही पोचत नव्हती. दोघींनी तळाशी पेंढा घातला, नदीची कोरडी वाळू आणि राख एका टोपलीत भरली आणि तिच्यात तो कंद मान वर करून ठेवला. दर अमावास्येला, ऊन चढलं की सगुणा शिडी लावून पेवात उतरायची. कंद सुरकुतला असेल तर बोटांनी पाणी शिंपडायची, कुठे मऊ लागला तर सुरीने तेवढंच काढून राख लावायची. मग दोघी पेवाच्या कडेला बसायच्या. पहिल्या अमावास्येला सगुणा गप्पच होती. दुसऱ्या वेळी तिने बाळाचं नाव काय ठेवणार होती ते सांगितलं. धुरपाआईने ते नाव मोठ्याने उच्चारलं. आजवर ते कुणी उच्चारलेलं नव्हतं.

वैशाखात कंदाच्या मानेपाशी, त्या जुन्या चकतीतून, डोळा फुटला, ज्वारीच्या दाण्याएवढा, लालसर. सगुणा पेवातून ओरडली ती पार वेशीपर्यंत ऐकू गेली, असं म्हणतात.

कंद पुन्हा त्याच उतारावर लावला, आणि ते झाड पुढे वळचणीच्या वर गेलं. त्याची फुलं परातीएवढी झाली, आणि घाट चढणारे बैलवाले खिंडीतूनच ती बघत थांबू लागले. बैलही थांबत, असं म्हणतात. बैलांना तेवढंच निमित्त हवं असतं. मार्गशीर्षात हिव आलं, सगळ्या गावावर पडलं, आणि त्या झाडाला वळसा घालून गेलं. एक दिवस नाही, तीन दिवस. भोवतालचं गवत पांढरं, मधे ते लालभडक उभं. सारं गाव हात जोडून बघत राहिलं. चौथ्या सकाळी सगुणा झाडापाशी गेली आणि वर बघून म्हणाली, "आता निजू दे त्याला." दुसऱ्या दिवशी झाड काळं पडलं. ती घरात गेली नाही. तिने पदर खोचला, कुदळ घेतली आणि खाली भरलेले नऊ कंद काढले.

सगुणाला पुढे मुलं झाली की नाही, यावर सांगणारे भांडतात. कुणी म्हणतं पाच, कुणी म्हणतं एकही नाही. एवढं मात्र सगळे मानतात, की धुरपाआईच्या मागे गावची सुईण तीच झाली. आणि धुरपाआई ज्या दिवशी गेली तो ऐन आश्विन होता. हिवाला अजून दोन महिने होते, तरी त्या दिवशी गावात तोवर घरोघर लागलेल्या एकूण एक डेलियांनी माना खाली घातल्या, असं म्हणतात. मी हे ऐकलं तसं सांगतो.

आता त्या गावात गाडीरस्ता आहे, शाळा आहे, दवाखाना आहे. पेव मात्र बुजवलेलं नाही. पहिलं हिव पडलं की गारमाथ्यावर कुणी झाड मेलं म्हणत नाही, निजलं म्हणतात. कंद निघतात, आणि जुन्या बुंध्याची चकती असलेला एक भरदार कंद धुरपाआईच्या नावाचा म्हणून वेगळा काढतात. ज्या घरी मूल होऊन जगलं नसेल, त्या घरच्या बाईला वैशाखात तो नेऊन देतात. थंडीत तिच्याबरोबर तो उकरायलाही जातात. आणि पुढे दर अमावास्येला दोघीतिघी तिच्याकडे कंद बघायला येतात. कंद काय, घटकाभरात बघून होतो. बायका मात्र दिवे लागेपर्यंत उठत नाहीत.