नव्वद घोड्यांचा रॉड

लोखंडालाही वाचा होती, त्या काळची गोष्ट. एका जुन्या गाडीच्या इंजिनात एक कनेक्टिंग रॉड होता. वर पिस्टन, खाली क्रँक आणि दोघांच्या मध्ये हा. नव्वद घोड्यांचा जोर पेलायचा, एवढंच कारखान्यानं त्याला शिकवलं होतं. बारा वर्षं त्यानं ते बिनतक्रार केलं.

दसऱ्याला सर्जेराव मिस्त्रीनं गाडीला टर्बो बसवला. त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. इंजिन मात्र उघडून पाहिलं नाही. "आतलं सगळं कंपनीचं आहे. त्याला काय धाड भरलीय?"

घाटात टर्बो इंजिनात हवा कोंबू लागला. जोर दुप्पट झाला.

"दादा, जरा दमानं," रॉड कळवळला. "माझी कंबर वाकतेय."

"मी तर नुसती हवा देतो," टर्बो म्हणाला. "हवेचं कसलं आलंय ओझं?"

रॉडनं पिस्टनला विनवलं, "तू तरी सांग ना कुणाला."

"कुणाला सांगू, बाबा? आतल्याचं मोडल्याशिवाय कुणी ऐकत नाही."

तिसऱ्या वळणावर रॉड मोडला आणि इंजिनाचं पोट फोडून रस्त्यावर पडला. मिस्त्रीनं तो उचलून पाहिला. "कंपनीचा मालच कच्चा!" म्हणाला आणि भंगारात टाकला.

महिन्याभरात तसलंच दुसरं जुनं इंजिन आलं. टर्बो झाडूनपुसून त्यावर चढवला. भंगाराच्या डब्यातून मोडक्या रॉडनं आतल्या रॉडला जीव तोडून हाक मारली.

पण त्याच वेळी बाहेर नारळ फुटत होता.