येसू कासारणीचे दुकान

फळ्यांचा आवाज मी लहानपणी ऐकला, तो अजून कानात आहे. तेव्हा तळपेठेत लोखंडी शटर नव्हती. सकाळी दुकानदार लाकडी फळ्या एकेक काढून भिंतीला टेकवत आणि तो खडखडाट वेशीपासून देवळापर्यंत जाई. मध्ये एका दुकानापाशी मात्र तो तुटे. आता पेठेत नवी फरशी आली, दिवे आले, तुमच्यासारखे पाहुणे येतात. ते एक दुकान तसेच आहे, उघडे आणि रिकामे. त्याचे असे सांगतात.

फार पूर्वी गाठीची, म्हणजे प्लेगची, साथ आली आणि माणसे पेठ सोडून माळावर झोपड्यांत राहिली. साथ ओसरली तरी कोणी परत येईना. ओट्यांवर गवत उगवले. व्यापाऱ्यांच्या गाड्या दुसऱ्या गावच्या बाजाराला जाऊ लागल्या. तेव्हा पेठेचे प्रमुख धोंडशेट महाजन येसू कासारणीकडे गेले. तिचा नवरा साथीत गेला होता, मागे एकच मुलगी, चिमी.

"तू आधी दुकान उघड," शेट म्हणाले. "बाई राहते म्हटल्यावर गड्यांना लाज वाटेल."

"आणि शेट, तुम्ही?"

"मी मागोमाग आलोच."

येसूने बांगड्यांच्या माळा टांगल्या. शेट आले नाहीत. माणसे रोज सकाळी वेशीपर्यंत येऊन डोकावून जात.

"कासारीण आहे का रे अजून?"

"आहे की. ओटा झाडतेय."

"मग उद्या बघू."

पुढे माणसे धीट झाली आणि गुरुवारी बाजार भरवायचे ठरले. बुधवारी चिमीला ताप भरला, काखेत गाठ आली. येसू माळावर धावली. पोरीला नदीपलीकडच्या वैद्याकडे न्यायला गाडी द्या, म्हणाली. गाडी एकट्या शेटकडेच होती. शेट तिला म्हणाले,

"उद्या तुझं दुकान बंद दिसलं तर पेठ पुन्हा वसायची नाही. एवढा बाजार होऊ दे. संध्याकाळी मी स्वतः गाडी जुंपतो."

गुरुवारी पेठेत माणूस मावेना. बायका बांगड्या भरायला बसल्या. येसू हसून बोलत होती. आतून पोरीने हाक मारली की "आले गं" म्हणून पाणी पाजून येई.

"लाडावलीय गं पोर तुझी," एकजण म्हणाली.

"एकुलती आहे ना," येसू म्हणाली.

दुपारनंतर हाक आली नाही. भरता हात अर्धा सोडायचा नाही, अशी कासारांची रीत. येसूने समोरचा हात पुरा भरला आणि मग आत गेली.

संध्याकाळी शेट गाडी घेऊन आले. त्या गाडीतून पोरीला नदीवर नेले. चितेला लाकडे म्हणून येसूने दुकानाच्या फळ्या दिल्या. नदीवरून ती परत आली नाही. पेठ मात्र वसली. साथ पुन्हा आली नाही, म्हणे.

आजही गुरुवारी कोणी आधी दुकान उघडत नाही. सगळे बंद शटरपाशी उभे राहतात. महाजनांच्या घरातला वडीलधारा माणूस अनवाणी येतो. त्या रिकाम्या दुकानापुढे हात जोडून विचारतो, "येसूबाई, पोर कशी आहे?" उत्तर यायला हवे तेवढा वेळ तो थांबतो. मग मान खाली घालून निघून जातो, आणि पेठ उघडते.