दहा हजार सात रांगा

एका राज्यात कोणाचेही पाऊल थांबत नव्हते. राजा वज्रांगदाने मायावी करालाचा पुरलेला ठेवा उकरला, मोत्यांना हात लावला, आणि त्याच क्षणी शाप लागला. राजा चालू लागला, प्रधान चालू लागला, अवघी प्रजा चालू लागली. जेवण चालता चालता, डुलकीही चालता चालता. असे तेरा दिवस गेले.

देवळापुढे ठिपक्यांची रांगोळी घालणारी हेमांबा त्याच राज्यातली. तिची धाकटी बहीण मंदाकिनी नऊ महिने भरलेली होती. कळा सुरू झाल्या, तरी तिची पावले थांबेनात.

"ताई, मी अशीच चालत मरेन गं!"

हेमांबेने तिला सुईणीच्या हाती सोपवले आणि ती ठेव्याच्या विवराकडे धावत सुटली.

विवराच्या काठावर एक साळुंकी बसली होती. भोवती दगड झालेले सात पंडित.

"मोती दहा कोटी एक लाख साठ हजार त्रेसष्ट," साळुंकी मनुष्यवाणीने म्हणाली. "प्रश्न तीन. तिन्ही सोडवलेस तर शाप सुटेल. चुकलीस तर आठवा दगड तुझा."

"विचार."

"दोन-दोनांच्या जोड्या लागतील?"

"नाही. शेवटचा अंक तीन. एक मोती उरेल."

"तीन-तीनांचे गट?"

हेमांबा विवराभोवती गरगर फिरत होती. पाय धड विचार करू देईनात. तिने संख्येतले अंक बोटांवर मिळवले. बेरीज सतरा. "नाही. दोन उरतील."

"आता सगळे मोती सारख्या रांगांत मांड. रांग एकच नको, रांगेत मोती एकच नको, आणि बाहेर एकही उरायला नको. पंडित इथेच चुकले."

तिने पाचाने भागून पाहिले, साताने, अकराने, तेराने. दर वेळी काही उरेच. मग तिने भागणे सोडले आणि ती मनातल्या अंगणात ठिपके मांडू लागली. दहा हजार रांगा, रांगेत दहा हजार ठिपके. चौकोनाच्या दोन बाजूंना आठ-आठ रांगा वाढवल्या, त्यात एक लाख साठ हजार गेले. कोपरा भरायला आठ आठे चौसष्ट हवेत. हाती त्रेसष्ट.

एक कमी! दोन फेऱ्या ती नुसतीच चालली. मग ओरडली,

"शेवटची अपुरी रांग उचल! तिच्यात मोती दहा हजार सात. वर उरलेल्या रांगाही दहा हजार सातच. प्रत्येकीला एकेक मोती दे. दहा हजार सात रांगा, रांगेत दहा हजार नऊ!"

"आडवी धर वा उभी, मांडणी हीच एक," साळुंकी म्हणाली आणि उडून गेली.

मोती सरसर रांगांत बसले, भुईत उतरले, विवर मिटले. पंडितांनी श्वास घेतला. हेमांबेचे गुडघे वाकले आणि ती मातीत बसली. किती वेळ, तिलाही कळले नाही.

परतताना वेशीत राजा धुळीत बसलेला दिसला. तो उठू लागला.

"बसा, महाराज."

"तो ठेवा पुन्हा कोणी उकरणार नाही," राजा म्हणाला.

घराच्या दारात सुईण मांडी घालून बसली होती. तिने ओठांवर बोट ठेवले.

"मुलगी झाली. हळू ये, दोघी झोपल्यात."